सोबतीला लेहरा

रिकाम्या पातेल्यात फोन उभा केला की आवाज मोठा होतो, हे तबला शिकणाऱ्या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. स्टीलचं पातेलं, त्यात टेकवलेला फोन, समोर चुंबळीवर बसवलेला तबला-डग्गा, आणि फोनमधून येणारी पेटीची एकच ओळ. १६ मात्रांची, चंद्रकंसातली. ती संपते आणि तिथूनच पुन्हा सुरू होते. घरातल्या माणसांच्या कानाला ती थोड्या दिवसांत जाणवेनाशी होते. वाजवणाऱ्याला मात्र तिची प्रत्येक मात्रा ऐकावी लागते, कारण त्या ओळीवरच त्याला उभं राहायचं असतं.

या ओळीला लेहरा म्हणतात, कुणी नगमा म्हणतात. एकट्याने तबला वाजवायचा तर ताल कुणीतरी धरून ठेवायला हवा. तबलजी पेशकार मांडतो, कायदा उलगडतो, रेल्यात शिरतो, तिहाई घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. या सगळ्या वेळात शेजारी बसलेला पेटीवाला किंवा सारंगिया तीच एक सुरावट वाजवत राहतो. गाण्यात तबला गायकासाठी जे करतो, ते इथे पेटी तबल्यासाठी करते. चांगल्या लेहऱ्यात मात्रा मोजाव्या लागत नाहीत. सम ओळखू येते, नवव्या मात्रेवरची खाली ओळखू येते, आणि तेराव्या मात्रेपासून सूर समेकडे वळू लागले की हाताला आपोआप कळतं, आता घर जवळ आलं.

जळकोटसारख्या गावाचंच उदाहरण घ्या. जळकोट हे तुळजापूर तालुक्यातलं गाव. नळदुर्ग ओलांडून सोलापूर–हैदराबाद महामार्गाने उमरग्याच्या दिशेने निघालं की लागतं. (तालुक्याचं जळकोट निराळं, ते लातूर जिल्ह्यात.) मराठवाड्यातल्या अशा गावांत मुलाच्या हाताला चामड्याचं वाद्य पहिल्यांदा लागतं ते बहुधा भजनात. एकादशीचं भजन, हरिनाम सप्ताह, कीर्तनातली मागची रांग. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची, टाळकऱ्यांच्या पायांकडे बघत ठेका धरायचा, चुकलं तर शेजारच्या मोठ्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. शिक्षण इथे सुरू होतं आणि पुष्कळांचं इथेच छान पुरं होतं. एखाद्याला पुढे जावंसं वाटतं. त्याला परीक्षा द्यायची असते, कायदा शिकायचा असतो, कधीतरी एकट्याने अर्धा तास वाजवायचं असतं. तिथे अडचण उभी राहते, आणि ती तबल्याची नसते, सोबतीची असते.

गावात पेटीवाला नसतो असं नाही. असतो. त्याच्या बोटांत शंभर अभंगांच्या चाली असतात. पण दिवसभर शेतात किंवा दुकानात राबून आलेल्या माणसाला ‘काका, तासभर ही एकच ओळ वाजवता का, माझा कायदा बसेपर्यंत?’ असं रोज कोण विचारणार? हिशेब करून पाहावा. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर तीनतालाचं एक आवर्तन १६ सेकंदांत होतं; तासाला २२५ आवर्तनं. लय दुप्पट केली तर ४५०. एखाद्याने प्रेमापोटी एक दिवस वाजवलंही, तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जायला मुलाचा पाय उचलत नाही. म्हणून पातेल्यातला फोन.

ही गरज फक्त इथली नाही. पुण्या-मुंबईत किंवा पणजीत व्हायोलिन शिकणारं मूल पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेला बसतं, तेव्हा त्याला पियानोची साथ लागते. झाइट्झ किंवा अकोले यांनी शिकाऊ वादकांच्या हाताला झेपतील अशा कॉन्चेर्तो लिहून ठेवल्या आहेत. त्यांत वाद्यवृंदाची जागा पियानो घेतो. मुलाने घरी वाजवायचं ते अर्धंच संगीत असतं. उरलेलं अर्धं पियानोवर, आणि पियानो वाजवणारा चांगला साथीदार मिळणं कठीण, मिळालाच तर परीक्षेच्या आधी एक-दोन भेटींपुरता. मधल्या काळात मुलाने काय करायचं? मोकळ्या मात्रा मनात मोजायच्या आणि समोर कुणीतरी वाजवतंय असं समजायचं. मोठमोठ्या शहरांतल्या मुलांनीही वर्षानुवर्षं असाच सराव केला आहे.

यावर न्यूयॉर्कमध्ये अर्व क्रॅटका या माणसाने १९५० साली एक उपाय काढला. वाद्यमेळातलं एक वाद्य मुद्दाम गाळून बाकीच्यांचं ध्वनिमुद्रण करायचं, आणि ती रिकामी जागा घरी तबकडी लावून बसलेल्या माणसाने भरायची. कंपनीचं नावच होतं ‘म्युझिक मायनस वन’. सुरुवात शुबर्टच्या ‘ट्राउट’ या पंचकाने झाली. पाच वाद्यांची रचना, तेव्हा एकेक वाद्य गाळलेल्या निरनिराळ्या आवृत्त्या. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायक जो ‘ट्रॅक’ लावून गातात त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर अशाच कुठल्यातरी घरी पोचता येईल. कुणीतरी आपल्यासाठी जागा सोडून वाजवून ठेवलं आहे, ही कल्पनाच मोठी प्रेमळ आहे. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतल्या त्या चार वादकांना माहीत नव्हतं, पाचवा कोण, तो कधी येईल, त्याला वाजवता तरी येत असेल का. त्यांनी त्याची जागा ठेवली.

पण पियानोच्या साथीचं मर्म ध्वनिमुद्रणात नीट उतरत नाही. इंग्लंडच्या जेराल्ड मूरने सगळं आयुष्य गायक-वादकांच्या साथीला पियानो वाजवण्यात घालवलं. १९६२ साली त्याने आठवणी लिहिल्या तेव्हा पुस्तकाला नाव दिलं तेही साथीदाराच्या मनात कायम असणाऱ्या प्रश्नाचं : माझा आवाज फार मोठा होतोय का? गायकाने श्वासाला थोडा जास्त वेळ घेतला की पियानो तेवढाच थांबायला हवा, व्हायोलिनचा गज एका सुरावर रेंगाळला की खालचा स्वरमेळ त्याच्यासाठी रेंगाळायला हवा. हे आधी ठरवता येत नाही, ते त्या क्षणी ऐकूनच करावं लागतं. ध्वनिमुद्रित पियानो आपल्याच ठरलेल्या वेळी पुढच्या ओळीला जातो आणि मूल त्याच्यामागे धावतं. वेग आणि स्वर त्यातून पक्के होतात, हे खरं. रेंगाळायचं कुठे हे मात्र त्यातून शिकता येत नाही. उलट रेंगाळणं हीच चूक अशी सवय अंगी मुरण्याची भीती असते.

लेहऱ्याचं तसं नाही, आणि म्हणूनच जळकोटच्या मुलाला एका अर्थाने पणजीच्या मुलापेक्षा चांगला सोबती मिळाला आहे. लेहरा धरणाऱ्याचा धर्मच मुळी न हलण्याचा. तबलजी आडलयीत शिरो, दीडपटीत बोल टाको, तिहाई समेच्या अलीकडे सोडून श्रोत्यांचा श्वास अडकवो, पेटीने आपली वाट सोडायची नाही. पेटी डगमगली की तबलजीच्या पायाखालची जमीनच गेली. मोठ्या मैफलीत झाकिर हुसेन वाजवत असताना शेजारी सुलतान खाँ सारंगीवर लेहरा धरून बसलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ही स्थिरता आठवत असेल. एवढ्या मोठ्या सारंगियाने, ज्याच्या गजातून काय काय निघू शकतं हे सगळ्यांना ठाऊक, त्याने ती सगळी दौलत झाकून ठेवायची आणि एक ओळ सांभाळायची.

गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर मूळचे सारंगीच्या परंपरेतले. एकाच वेळी निरनिराळ्या लयी अंगावर सांभाळण्याच्या त्यांच्या सामर्थ्याच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. लयीचा हा राजा सारंगियांमधून यावा, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. तासन्‌तास दुसऱ्यासाठी सम सांभाळताना माणसाच्या आत काय काय जमत जात असेल, याचा अंदाज फक्त वाजवणाऱ्यालाच.

पेटीला मात्र मधल्या काळात मोठा वनवास घडला. १९४० साली आकाशवाणीने तिला साथीतून बाहेर काढलं, आणि ती मर्यादित स्वरूपात परत आली ती १९७१ च्या सुमाराला. तीसेक वर्षं रेडिओवर पेटी नाही. त्या काळात घराघरांतल्या आणि देवळांतल्या पेट्यांनी मात्र आपलं काम सोडलं नाही. मराठवाड्याने याच काळात पेटीला एक मोठा माणूस दिला. अप्पा जळगावकर जालन्याचे. पुढे पुण्याला राहिले, भीमसेन जोशींसकट कितीतरी गायकांच्या मागे बसले, आणि साथ हीच आपली कला मानून तिच्यात शेवटपर्यंत रमले. जालन्याहून जळकोट काही फार जवळ नाही, तरी मराठवाड्यातला कुणी पेटी उघडून बसला की हे नाव आठवणं स्वाभाविक आहे.

साथीची ही समज या मातीत जुनी आहे. तुळजापूर जवळच, तिथल्या गोंधळात एक जण कथा पुढे नेतो, संबळ कडकडतो, तुणतुण्याची एकच तार सगळा वेळ सूर धरून असते आणि मागचे झीलकरी ओळ उचलून धरतात. त्या तुणतुण्याकडे कुणी वेगळं बघत नाही. ते थांबलं की मात्र सगळ्यांना कळतं. नळदुर्गच्या किल्ल्यात १८५० च्या दशकात कर्नल मेडोज टेलर राहत असे. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख काही वर्षं इंग्रजांकडे आला, तेव्हाचा तो इथला अधिकारी. ‘तारा’ या त्याच्या कादंबरीची सुरुवात तुळजापुरात होते. आयर्लंडला परतल्यावर त्याने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीसाठी भारतीय वाद्यांची एक सूची लिहिली. ती वाद्यं दुसऱ्या एका कर्नलने भेट दिलेली होती, पण त्यांवर लिहायला टेलर बसला. इतकी वर्षं दख्खनच्या या पट्ट्यात काढलेल्या माणसाच्या कानात लिहिताना कुठले आवाज असतील? नळदुर्गच्या बोरी नदीकाठी रात्री ऐकलेला एखादा गोंधळही असेल.

फोनच्या आधी कॅसेट होती. गुरूच्या ओळखीच्या पेटीवाल्याला बसवून, ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीनताल, दुसरीकडे झपताल किंवा रूपक असं भरून घ्यायचं आणि ती कॅसेट जिवापाड जपायची. तिच्यात लय एकच. वाढवायची तर टेप जोरात फिरवावी लागे, आणि मग लयीबरोबर स्वरही चढे. सेल उतरले की पट्टी खाली घसरे, आणि बिचारा विद्यार्थी हातोडी घेऊन तबल्याचे गट्टे ठोकत बसे. वास्तविक तबला सुरातच असे. पुढे यंत्रं आली. बंगळुरूचे जी. राज नारायण हे विमानाच्या कारखान्यातले अभियंते आणि बासरीवादक. त्यांच्या रडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, ‘तालमाला’ काढली आणि लेहऱ्यासाठी ‘सुनादमाला’ही काढली. छोट्या डब्यातून येणारा तो आवाज खऱ्या वाद्याचा नव्हता, तरी त्याच्यावर एका पिढीने रियाज केला. आता ॲपमध्ये राग निवडा, पट्टी निवडा, मात्रांचा आकडा सरकवा. लय बदलली तरी सूर जागच्या जागी.

यूट्यूबवरही लेहऱ्यांचं रान माजलं आहे. चारुकेशी, किरवाणी, जोग, चंद्रकंस. ६० पासून पुढे हवी ती लय. काळी एक, काळी दोन. त्यातून निवडायचं कसं, हे नव्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं. काही लेहरे एकच आवर्तन वाजवून पुढे त्याच्या नकला जोडून केलेले असतात. जोड नीट बसली नसेल तर सम केसभर उशिरा येते. पहिल्या ऐकण्यात ते कळत नाही, पण हात शिकतो. रोज तासभर त्या जोडावर वाजवलेल्या हाताला सम किंचित उशिरा येण्याचीच सवय लागते, आणि पुढे खऱ्या पेटीबरोबर बसल्यावर आपलं कुठे बिनसतंय ते लवकर सापडत नाही. उलट काही ध्वनिमुद्रणांत कुणा माणसाने खरोखर अर्धा तास बसून वाजवलेलं असतं. लक्ष देऊन ऐकलं तर भाता बदलताना आवाज थोडा दबतो, समेवर बोट किंचित जास्त रुतून येतं. मिळालं तर असं ध्वनिमुद्रण घ्यावं. त्या वादकाचं नाव बहुतेक वेळा कुठेच दिलेलं नसतं, ही गोष्ट मनाला लागते. शेकडो गावांतल्या शेकडो मुलांनी त्याच्या ओळीवर हात बसवलेला असतो आणि तो कोण हे त्यांना कधी कळत नाही.

मराठवाड्याची हवा हीसुद्धा या गोष्टीतलं एक पात्र आहे. वैशाखातल्या कोरड्या उन्हाने तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की चामडं सैलावतं आणि स्वर उतरतो. फोनमधली पेटी बारा महिने काळी एकलाच. म्हणजे रोजच्या रियाजाची सुरुवात हातोडीने होते : कान लेहऱ्याकडे, हात गजऱ्यावर, एकेक घर मिळवत जायचं. कंटाळवाणं वाटणारं हे काम फार मोलाचं आहे. आकड्यात मिळालेली पट्टी चामड्यावर आणायला कान लागतो, आणि तो कान याच पाच-दहा मिनिटांत तयार होतो. पावसाळ्यात हा वेळ जास्त लागतो. एखाद्या दिवशी तबला मिळतच नाही, तेव्हा मुलाने डग्गा बाजूला सारून नुसती पढंत करावी. हातावर टाळी-खाली देत तोंडाने बोल म्हणायचे, आणि लेहरा चालूच ठेवायचा. जुने शिक्षक हे आधी करून घेत, हात नंतर लावू देत. तोंडात समेवर येणारा कायदा हातातही येतो.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठवाड्यातल्या लहान गावांतली मुलंही देतात. १९०१ साली लाहोरला विष्णू दिगंबर पलुस्करांनी सुरू केलेल्या विद्यालयाचं हे पुढचं रूप. मंडळ म्हणून १९३१ पासूनचं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्याच्या पायऱ्या. वर चढावं तसं तबलावादन लांबत जातं आणि लेहऱ्याशी नातं घट्ट होत जातं. फोनवर तयार झालेला मुलगा एक दिवस परीक्षेसाठी, नाहीतर सप्ताहातल्या शेवटच्या रात्री लोकांच्या आग्रहाखातर, पहिल्यांदा जिवंत पेटीशेजारी बसतो. अशा वेळी मुलं गोंधळून जातात. त्यांच्या तयारीत दोष असतो असं नाही. आजवर शेजारी कुणी नव्हतंच. मान वर करून बघण्याची सवय नसते. लय वाढवायची तर आकडा सरकवायचा नाही, पेटीवाल्याकडे बघून खूण करायची असते, आणि ती खूण समेच्या थोडी आधी द्यावी लागते हे कुठलं ॲप शिकवत नाही. शिवाय माणूस ऐकतो. मुलाचा हात अडखळला की अनुभवी पेटीवाला लय तीच ठेवतो, फक्त पुढची सम थोडी ठळक वाजवतो, म्हणजे हरवलेल्याला रस्ता दिसावा. हलका बोल चालू असेल तर भाता आवरतो. न हलण्याचा धर्म पाळूनही त्याला इतकं सगळं करता येतं.

म्हणून फोनवर रियाज करणाऱ्या मुलाने महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी गावातल्या पेटीवाल्याकडे जावं. तासभर वाजवा म्हणण्यासाठी नव्हे. दहा मिनिटं पुरतात. अभंगाच्या चालीवर हात बसलेल्या त्या माणसाला तीनतालाचा लेहरा कदाचित येतही नसेल. मग मुलानेच तो गाऊन दाखवावा, पेटीवाल्याने पट्टीवर शोधावा, दोघांनी मिळून बसवावा. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे अशा वेळी सारखं बदलत राहतं. बसल्यावर पेटीवाला विचारतो, ‘कुठल्या लयीत धरू?’ मुलाच्या तोंडी आकडा येतो, एकशेदहा, एकशेवीस. तो पेटीवाल्याच्या काहीच उपयोगाचा नसतो. तेव्हा मुलगा मांडीवर टाळी देऊन दाखवतो, पेटीवाला दोन-चार टाळ्या ऐकून घेतो, ‘इतकी घाई कशाला, थोडं खाली घेऊ’ म्हणतो, आणि मग लय दोघांमध्ये कुठेतरी ठरते.